'कामगंध' म्हणजे नक्की कोणाचा गंध?

प्रश्न: कपाशीत बोंडअळीसाठी लावतात तो कामगंध सापळा, आणि आंब्याला फळमाशीसाठी टांगतात त्यालाही काहीजण तेच म्हणतात. मग फेरोमोनला, म्हणजे एकाच जातीचे प्राणी एकमेकांना इशारा द्यायला सोडतात त्या वासाला, सरसकट कामगंध म्हणायचं का? मुंग्यांची रांग पण फेरोमोनवरच चालते ना, तिथे 'काम' कुठून आला?

प्रतिसाद: मुंग्यांचं बरोबर बोललात. फेरोमोन शब्द १९५९ साली कार्लसन आणि लूशर या शास्त्रज्ञांनी ग्रीकवरून घडवला, वाहून नेणे आणि चेतवणे अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून, त्यात काम नाहीच. त्याच वर्षी बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या सुमारे ५ लाख माद्यांपासून पहिला असा पदार्थ वेगळा काढला, तो मात्र खरोखरच कामगंध. म्हणून सगळ्यांना मिळून 'गंधसंदेश' म्हणावं आणि कामगंध फक्त नर-मादीपुरता ठेवावा.

प्रतिसाद: पटलं, पण मला त्या कामगंधाचेही दोन भाग करावेसे वाटतात. कपाशीतल्या सापळ्याची पिशवी सकाळी सोडून बघा, गुलाबी बोंडअळीचे जे पतंग पडतात ते सगळे नर, कारण ल्युरमध्ये, म्हणजे सापळ्यातल्या आमिषात, मादीचा वास असतो. तो एकाच पदार्थाच्या दोन रूपांचा, साधारण निम्मानिम्मा मिसळलेला. प्रमाण फार बिघडलं की नर येत नाहीत, म्हणजे जी मादी वेगळंच काही सोडेल ती एकटी राहणार, त्यामुळे असा गंध पिढ्यानपिढ्या फारसा हलत नाही. ही झाली हाक.

आता आंब्याखालची बाटली बघा. तिच्यातही नरच, एकाही माशीच्या पोटाला अंडी घालायचं टोक दिसणार नाही. पण आत असतं मिथाइल युजेनॉल, ते मादीचं नव्हेच, झाडांमधलं आहे, तुळशीतही असतं. नर ते चाटतात, अंगात त्याचे दुसरे पदार्थ बनवून मागच्या ग्रंथीत साठवतात आणि संध्याकाळी जोडी जमायच्या वेळी तो वास सोडतात, आणि ज्याने ते खाल्लंय त्याला माद्या जास्त पसंत करतात! म्हणजे इथे वास नराचा आणि पारख मादीची. पिढ्यानपिढ्या माद्या अशीच पसंती देत राहिल्या की नरांची ही ओढ वाढत जाणारच, आणि आपण नेमकी तीच ओढ बाटलीत भरून त्यांना पकडतो. माझ्या मते ती बाटली कामगंध सापळा नाहीच, तिला नुसतं गंधसापळा म्हणा. नर संध्याकाळी सोडतो तो खरा कामगंध, पण हाकेचा नाही, पसंतीचा.

प्रतिसाद: 'हाकेचा गंध' आणि 'पसंतीचा गंध', झकास. खुळखुळ्याच्या वाळक्या फांद्यांवर टायगर फुलपाखरांचे नर सोंड लावून बसलेले असतात ते पण यातच बसेल का? तिथूनच ते कामगंधाचा कच्चा माल घेतात.

प्रतिसाद: हो, तेही पसंतीतच.

प्रतिसाद: एक राहिलंच, अशा पसंतीतून पिढ्यानपिढ्या होणाऱ्या बदलाला पुस्तकात 'लैंगिक निवड' म्हणतात ते मला खटकतं. निवडणं म्हटलं की आपल्याकडे तांदूळ निवडणं, खडे काढून टाकायचे. नैसर्गिक निवडीला ते चालतं, कारण तिथे निवडणारं कोणी नसतंच, नुसती गाळणी आहे. इथे मात्र मादी खरंच वास घेते, थांबते, उडून जाते किंवा राहते. त्याला मी तरी 'जोडीदाराची पसंती' असंच लिहिणार.