जुळं म्हटलं की टाका आणि बेडरेस्ट?

सायली_क: कालच्या धाग्यावर वाचलं: 'जुळं-तिळं असेल तर सरसकट गर्भाशयाच्या तोंडाला टाका घाला, बाळंतपणापर्यंत झोपून राहा, बाकी सगळी डॉक्टरांची कमाई.' राहवेना म्हणून लिहितेय. टाक्याच्या आधी विचारायचं ते हे की बाळांना पोसणारी वार (प्लॅसेंटा) एक आहे की दोन. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत ते सगळ्यात नीट दिसतं. वार एकच असेल तर १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. वारेतल्या जोडलेल्या रक्तवाहिन्यांतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जायला लागलं, की एकाचं पाणी आटतं, दुसऱ्याचं वाढत जातं. वेळेत कळलं तर लेझरने त्या वाहिन्या बंद करता येतात. झोपून राहून हे कळणार कसं?

आजोळ: माझ्या जावेला टाका घातला, उठायची ती फक्त बाथरूमला. दोन्ही पोरं आज शाळेत जातात.

सायली_क: आधी पाचव्या महिन्यात मूल गेलं होतं का तिचं? तर टाका योग्यच. सगळं ठीक असताना केवळ जुळं म्हणून घातलेल्या टाक्याचा फायदा दिसलेला नाही.

आजोळ: गेलं होतं. बरं, टाक्याचं मान्य. बेडरेस्टचं नाही.

निरंजन७: बेडरेस्टमध्येच माझ्या बायकोच्या पायात रक्ताची गाठ झाली. एकच पोटरी सुजली, लाल, हात लावला तर गरम. घरचे म्हणाले, दिवसांतली सूज आहे. जुळ्यात गाठीचा धोका आधीच जास्त, त्यात हलायचं नाही म्हणे!

आजोळ: मग काय, सातव्या महिन्यात ऑफिस करून घरी पोळ्या लाटायच्या? त्या एका शब्दामुळे बाईला घरात विश्रांती मिळते. तोही काढून घ्या!

निरंजन७: विश्रांती द्या ना, कोण नको म्हणतंय? अंथरुणाला खिळवू नका.

तिसरी_घंटा: आयव्हीएफमध्ये तीन-तीन गर्भ सोडतातच कशाला, यावर कोणी बोलत नाही. आम्हाला तिळं राहिलं, मग एक कमी करायचं का विचारलं. केलं. पाप-पुण्य सांगायला कृपया कोणी येऊ नका.

आजोळ: पाप नाही म्हणत. पण तिन्ही सुखरूप झालेलीही पाहिलीत.

सायली_क: होतात. पण तिळी बहुधा ३२-३३ आठवड्यांतच येतात. एक कमी केलं तर दिवस लांबतात, मात्र सगळंच जाण्याचा धोकाही असतो. त्यातल्या दोघांची वार एक असेल तर एक गर्भ थांबवायचं नेहमीचं इंजेक्शन देता येत नाही, औषध दुसऱ्यापर्यंत पोचतं. तिन्ही ठेवायची तर एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असेल तिथेच नाव घाला, आणि लवकर कळा आल्या तर बाळांच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं चुकवू नका. ठरवायचं त्या आईबापांनी.

आजोळ: वारेचं आत्ताच जावेला फोन करून विचारलं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. हे चूक आहे, कबूल. आरामावरून मात्र मी भांडणारच.