मदत हवी आहे : जंगलातील डोंगरी सायकल सहलीसाठी कोणता मार्ग घ्यावा?

नमस्कार. घनदाट जंगलाच्या डोंगराळ भागात पाच दिवसांची सायकल सहल आखत असून मार्ग निवडण्यासाठी अनुभवी सायकलस्वारांचे मार्गदर्शन हवे आहे. एक मार्ग नदीच्या खोऱ्यातून जातो व लांब पण सौम्य आहे. दुसरा डोंगरधारेवरचा मार्ग छोटा असला, तरी त्यावर काही ठिकाणी १० टक्के चढ (म्हणजे १०० मीटर अंतरात १० मीटर उंची) आहे.

माझ्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर पुढे ३४ आणि मागे ३२ दातांचा आहे, म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे सव्वादोन मीटर सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या राखायच्या तर ताशी ८ किलोमीटर वेग हवा, जो १५ किलो सामानासह अशा चढावर मला तासभरही टिकवता येत नाही. मागच्या सहलीत फेऱ्या ४० वर आल्या आणि दुसऱ्याच दिवशी गुडघा कुरकुरू लागला. (सामान कमी करण्याचा सल्ला घरूनही मिळाला आहे.)

अशा वेळी पेडलजवळची पुढची दातेरी चकती ३४ ऐवजी ३० दातांची करणे पुरेसे ठरेल, की खोऱ्याचाच मार्ग घ्यावा? शिवाय सावलीतल्या वळणांवर ओला पालापाचोळा साचलेला असताना रिम ब्रेकवर (चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकवर) लांब उतार कसा उतरावा, हेही कृपया सांगावे.