अनुभव धागा: टीव्हीपुढे अख्खा दिवस, जुने सिनेमे

पेठेतली

हवे आहेत ते अनुभव असे. सकाळी टीव्ही लावला, कुठला तरी जुना सिनेमा चालू होता, "हा संपला की उठते" असं म्हणालात आणि उठलात तेव्हा दिवेलागण झाली होती. अट एकच: सिनेमा तुम्ही निवडलेला नसावा. ओटीटीवर हवा तो शोधून बघितलेला इथे चालणार नाही. दुसऱ्या कुणी लावला आणि तुम्ही बसलात, असंच पाहिजे.

माझा दिवस दिग्दर्शक राजा परांजप्यांनी खाल्ला. पोह्यांबरोबर 'लाखाची गोष्ट' सुरू झाला, त्याला लागूनच 'पेडगावचे शहाणे'. दोन्ही 1952 चे. एकाच वर्षात या माणसाने ही दोन कामं कशी उरकली असतील, याचा विचार करत मी गवार मोडत बसले. सासूबाई मात्र हिशोबात अडकलेल्या. लाख रुपये ठरल्या मुदतीत खर्चून दाखवायचे, अशी त्या सिनेमातली अट आहे. "बावन्न साली लाख?" त्या म्हणाल्या. "आमचा वाडा मागच्या आडासकट तेवढ्याला गेला नसता, आणि हे उडवायला निघालेत!" मग त्या काळी सोनं काय भाव होतं, कुणाच्या लग्नात किती तोळे घातले, कुणी घालतो म्हणून घातलेच नाहीत, हे सगळं निघालं. तेवढ्यात सुधीर फडक्यांचं एक गाणं येऊन गेलं, ते दोघींनीही ऐकलं नाही. मला तरी तो दिवस सिनेमापेक्षा त्या तोळ्यांसाठी लक्षात आहे.

बाकीच्यांनी लिहा. लांबलं तरी चालेल.

गिरणगावकर

पेठेतली, तुमची अट आमच्या पिढीला लावायची गरजच नाही. निवडायला होतं काय? मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. आमच्या चाळीत टीव्ही आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि तोही एकाच घरी. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. अख्खा दिवस सिनेमा ही चैन नव्हती, पण त्या तीन तासांसाठी अख्खा दिवस जायचा हे खरं. दुपारपासून मोरीवर नंबर लागायचे. सहाच्या आत सगळ्यांच्या आंघोळी, बायकांचं पीठ मळून तयार.

ज्यांचा टीव्ही त्या काकू दारात उभ्या राहायच्या. पाय धुतलेत का, विचारायच्या. लाकडी शटरचा सेट होता. शटर दोन्ही हातांनी सरकवायचा मान त्यांच्या धाकट्याचा, आणि तो मान त्याने कॉलेजला जाईपर्यंत सोडला नाही. चपला गॅलरीत इतक्या साठायच्या की सिनेमा सुटल्यावर निम्मी पोरं दुसऱ्याच्या चपला घालून घरी. ऐन रंगात चित्र खालून वर पळायला लागायचं. मग सेटच्या मागे हात घालून व्हर्टिकल होल्डचं बटण फिरवायचं, आणि समोरचे पंचवीस जण एकदम ओरडायचे, "थांब! थांब! गेलं परत!" ते बटण फिरवणारा माणूस आयुष्यात कधी सिनेमा बघू शकला नाही, कारण तो कायम सेटच्या मागे. आमच्याकडे ते काम माझ्या वडिलांकडे होतं. 'श्यामची आई' त्यांनी फक्त ऐकलाय.

आणि प्रक्षेपण मधेच बंद पडलं की येणारी 'व्यत्यय'ची पाटी. ती आली की काकू लगेच म्हणायच्या, "ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या." कोणी हलत नसे.

दिवसभराचं म्हणाल तर ते पुढे, व्हीसीआर भाड्याने मिळायला लागला तेव्हा. सत्यनारायणाच्या पूजेला वर्गणी काढून सेट, मशीन आणि तीन कॅसेट आणायच्या. मशीन सकाळी परत द्यायचं, म्हणून रात्रभर. पहिली कॅसेट देवादिकांची, दुसरी घरच्यांची, तिसरी बायका-पोरं झोपल्यावर. तिसरीबद्दल इथे लिहीत नाही, तीसुद्धा मारामारीचीच असायची.

लिंबूसरबत

'अशी ही बनवाबनवी'. 1988 चा. कुठल्याही वाहिनीवर, कुठल्याही प्रसंगापासून. संपला की दुसऱ्या वाहिनीवर परत. माझा दिवस असाच जातो आणि मला त्याची लाज नाही.

सदाशिव_वजा_पेठ

@लिंबूसरबत, याला क्लासिक म्हणायचं का? धाग्याचा विषय जुने अभिजात सिनेमे आहे.

लिंबूसरबत

माझा भाचा सिनेमा आल्यानंतर वीस वर्षांनी जन्मला. त्याला पाठ आहे. तुमच्या अभिजातातला एक तरी त्याला पाठ करून दाखवा, मग बोलू.

माजी_केबलवाला

मी जरा उलट्या बाजूने सांगतो. दुसऱ्या कुणीतरी लावला आणि तुम्ही बसलात, असं म्हणताय ना, तो लावणारा मी.

सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साल 1992 च्या पुढेमागे. वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर एक खोली, त्यात दोन व्हीसीआर, गच्चीवर छत्री आणि तिथून गावभर खांबाखांबावरून वायर. झी टीव्ही नुकता आलेला. पण लोक पैसे द्यायचे ते आमच्या 'व्हिडिओ चॅनल'साठी. दिवसाला तीन सिनेमे: सकाळी दहा, दुपारी एक, रात्री साडेनऊ. मी त्या खोलीत बसून तिन्ही बघायचो, कारण कॅसेट मधे अडकली तर दोन मिनिटांत फोन वाजायचा. मशीनमधला टेप वाचणारा भाग म्हणजे हेड, त्यावर घाण बसली की पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. मग मशीन उघडायचं, कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवायची, हेडवर हलक्या हाताने धरायची आणि ड्रम बोटाने फिरवायचा. जोर लावला तर हेड गेलं, आणि नवं हेड म्हणजे कितीतरी घरांचं महिन्याचं बिल. खालून गिरणीचं पीठ उडायचं, त्यामुळे हे काम रोजचंच.

काय लावायचं हे वेळेवर ठरायचं. दुपारी एकचा खेळ बायकांचा. 'सांगत्ये ऐका' लावला की त्या दुपारी खाली दळणाला कोणी यायचं नाही, वडील वर येऊन शिव्या द्यायचे. 1959 चा सिनेमा, माझ्या आईने लग्नाआधी बघितलेला, आणि तरी चाळीशीतल्या बायका फोन करून सांगायच्या की हंसा वाडकरांचा तो परत लावा. रात्री दादा कोंडके. 'सोंगाड्या' किती वेळा लावला याचा हिशोब नाही. कॅसेट घासून घासून तिच्यातला आवाज असा झाला होता की नवीन माणसाला शब्द कळायचे नाहीत. पण नवीन माणूस होता कुठे?

सिनेमा चालू असताना खालून जाहिरातींची पट्टी पळवायचो. साड्यांचा सेल, एसटीचं बदललेलं वेळापत्रक, एकदा हरवलेली म्हैस. सिनेमात तमाशा रंगात आलेला आणि खाली म्हशीच्या शिंगांचं वर्णन. म्हैस सापडली, हे नमूद करतो.

हक्कबिक्क कोण विचारत होतं तेव्हा! 1995 ला कायदा आला, पोस्टात जाऊन केबलचालक म्हणून नोंदणी करावी लागली, आणि हळूहळू मोठ्या कंपन्यांनी वायरी ताब्यात घेतल्या. चोरीच होती ती, मान्य. पण सिनेमा लावणाऱ्याला गल्लीतून जाताना "आज काय लावलंय रे!" म्हणून लोक अडवायचे. आता तीनशे वाहिन्यांत लावणारा कोण आहे ते कुणाला माहीत नाही.

पेठेतली

म्हशीसाठी वेगळा धागा काढावा लागणार.

चंद्रपूरची_दुपार

आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, त्यामुळे टीव्ही आणि कूलर. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक सिनेमा असायचा, इंग्रजी सबटायटलसकट. आज तमिळ, पुढच्या रविवारी बंगाली. बहुतेक काळेपांढरे, हळू चालणारे. घरातले सगळे पहिल्या दहा मिनिटांत आडवे व्हायचे. मी एकटा जागा, कारण मला वाचायचा सराव करायचा होता. माझं इंग्रजी शाळेत कमी आणि त्या खालच्या ओळींवर जास्त झालं. ओळ पूर्ण वाचून होण्याआधी जायची, म्हणून नंतर नंतर मी चेहऱ्यांवरून अंदाज बांधायला लागलो.

तिथेच गिरीश कासरवल्लींचा 'घटश्राद्ध' बघितला. 1977 चा, कन्नड. वेदपाठशाळेतला लहान मुलगा आणि गुरूची विधवा मुलगी. आमचे बाबा नेहमी घोरायचे, त्या दिवशी मात्र कूस बदलताना त्यांचं लक्ष गेलं आणि ते उठून बसले. शेवटी तिचं केशवपन केलेलं दिसतं. बाबांना ना कन्नड येत होतं ना सबटायटलं वाचण्याइतकी नजर. "माझ्या आत्याचं असंच," एवढंच म्हणाले. आम्हाला तोवर त्यांना आत्या होती हेच ठाऊक नव्हतं. पुढे मी विचारलं, पण त्यांनी विषय वाढवला नाही.

लोक म्हणायचे की रविवारची दुपार सरकार वाया घालवतं. मी आजही म्हणतो, ती वेळ बंद करून आपलं नुकसान झालं. मल्याळम सिनेमा आता एका क्लिकवर आहे, पण तो क्लिक आपण आपल्याला आवडेल त्यावरच करतो.

रात्री_नऊ

नव्वदीतली मुलं सांगतील. कार्टून नेटवर्कवर रात्री नऊला मांजर-उंदीर गायब व्हायचे आणि त्याच वाहिनीवर टीएनटीचे जुने हॉलिवूड सिनेमे सुरू व्हायचे. आम्ही रडायचो आणि आजोबा खुर्ची पुढे ओढायचे.

एडिसनची_सांगलीकर

न्यू जर्सीतून. इथे टर्नर क्लासिक मूव्हीज नावाची वाहिनी आहे, टीसीएम. 14 एप्रिल 1994 ला 'गॉन विथ द विंड' दाखवून सुरू झाली. चोवीस तास जुने सिनेमे, मधे जाहिरात नाही, काटछाट नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा व्हिसामुळे नोकरी करता येत नव्हती. नवरा ऑफिसात, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही. तेव्हा रॉबर्ट ऑस्बोर्न नावाचे गृहस्थ सिनेमाच्या आधी येऊन दोन मिनिटं बोलायचे. हा कसा तयार झाला, ही भूमिका आधी कुणाला देऊ केली होती, वगैरे. खुर्चीत नीट बसून, घाई न करता. परदेशात माझ्याशी रोज इंग्रजीत बोलणारे ते पहिले. 2017 मध्ये ते गेले, तेव्हा मी ऑफिसात होते आणि कुणाला सांगावं कळेना.

ऑगस्टमध्ये टीसीएमवाले रोज एका नटाला किंवा नटीला अख्खा दिवस देतात. बार्बरा स्टॅनविकच्या दिवशी मी सकाळी कणीक मळायला घेतली होती. 'द लेडी ईव्ह'मध्ये ती नुसत्या हाताच्या आरशात बघून मागच्या टेबलांवरच्या बायकांचं समालोचन करते. कणीक तशीच कडक झाली.

पण सांगायचं आहे ते आईचं. ती बाळंतपणाला आली होती. इंग्रजीचा गंध नाही. दुपारी मराठी मालिका लावून दिल्या तर म्हणे, "या मी सांगलीत बघते की." रविवारी रात्री टीसीएमवर मूकपट असतात. बाळ झोपत नव्हतं, म्हणून लावला. बस्टर कीटनचा 'स्टीमबोट बिल, ज्युनिअर', 1928 चा. त्यात वादळात घराची अख्खी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो बरोबर वरच्या खिडकीच्या भोकात उभा असल्यामुळे वाचतो. ट्रिक नाही, खरी भिंत पाडली होती. आई बाळासकट उभी राहिली. "अगं बया, मेला असता की गं! ह्याच्या आईनं बघितलं असंल का हे?"

त्यानंतर ती रविवारची वाट बघायला लागली. तिच्या लेखी त्याचं नाव 'तो न हसणारा'. परत गेल्यावर व्हिडिओ कॉलवर विचारायची, न हसणाऱ्याचा लागला होता का गं? तिथल्या मैत्रिणींना तिने भिंतीची गोष्ट इतक्यांदा सांगितली की त्या आता मलाच सांगतात.

सदाशिव_वजा_पेठ

माझा अनुभव म्हणजे तक्रार आहे. जुने सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले असतात, चारास तीन. जुने टीव्हीही तसेच होते, त्यामुळे चित्र नीट बसायचं. आताचे सेट सोळास नऊ. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या की प्रेक्षक चिडतात म्हणून काही वाहिन्या चित्र आडवं ताणतात. मग 'कुंकू'तल्या शांता आपटे गोलमटोल दिसतात आणि बैलगाडीची चाकं अंडाकृती. दुसरा उपाय याहून वाईट: वरून-खालून कापायचं, म्हणजे फेटेवाल्यांचे फेटे गेले. रिमोटवर चित्राची चौकट बदलायचं बटण असतं. घरातल्या ज्येष्ठांना ते दाखवून ठेवा.

हे झाल्यावर एक चांगली आठवणही लिहितो. आषाढीला टीव्हीवर 'संत तुकाराम' लागतो, आजी सोवळ्यानेच बसायची. दामले-फत्तेलालांचा, 1936 चा, इथेच पुण्यात, प्रभात स्टुडिओत काढलेला. आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. विष्णुपंत पागनीस दिसले की आजी हात जोडायची. 'आधी बीज एकले' लागलं की माझे काका न चुकता सांगायचे, की हा तुकोबांचा अभंग नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलाय. आजीचं उत्तर ठरलेलं: "मग तुकोबांनी त्यांच्याकडून लिहवून घेतला असेल. गप बस."

लिंबूसरबत

तुमच्या आजी आवडल्या. तुम्हीही थोडे.

रात्रपाळी

नर्स आहे, सकाळी नऊला घरी येते. हॉलमध्ये सासरे जुने मराठी सिनेमे लावून बसलेले असतात, आवाज फुल. जेवून मी तिथेच दिवाणावर आडवी होते, आत जायचा कंटाळा. त्यामुळे माझे सगळे सिनेमे असे: 'साधी माणसं'ची सुरुवात, झोप, 'पिंजरा'चा मधला भाग, झोप, आणि जाग येते तेव्हा 'सिंहासन' संपत आलेला. तिन्हींत श्रीराम लागू आणि निळू फुले आहेत अशी माझी बरेच दिवस समजूत होती. सासऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, पहिल्यात नाहीत, तू झोप.

आता ते मला उठवतात, "अगं, तुझा मधला भाग आला." 'पिंजरा'चा शेवट अजून बघायचाय. मास्तरांचं काय होतं ते कृपया कुणी इथे लिहू नका, पुढच्या बुधवारी मला सुट्टी आहे.