घरी केलेलं बाळाचं क्रीम टिकत नाहीये, मदत हवी आहे (कोल्हापूर)

शाहूपुरीतली_आई
घाईत लिहितेय, बाळ झोपलंय तेवढ्यात. बाळासाठी घरी नॅचरल क्रीम करतेय पण ते टिकतच नाही. थोडे दिवस गेले की वर पाणी सुटतं, आंबूस वास यायला लागतो आणि आज तर झाकणाच्या आत काळे ठिपके दिसले. टाकून परत केलं तरी तेच. व्हिडिओतल्या बाईंचं म्हणे सहा महिने टिकतं. त्यात काय घातलं की टिकेल? केमिकल नको. आणि प्लीज बाजारातलं अमुक घ्या तमुक घ्या सांगू नका, ते सगळं वापरून झालंय, त्यानं अजून लाल झालं म्हणून तर हे सुरू केलं. लवकर सांगा कुणीतरी.

साबणवाली_राजारामपुरी
ताई, त्यात काय काय घातलंय ते लिहाल का? नुसतं क्रीम म्हटल्यावर काही सांगता येत नाही. पाणी, गुलाबपाणी, कोरफड असलं काही आहे का?

बटवा_आणि_सहाण
क्रीमबीम कशाला हवंय, आमच्यात चार पिढ्या मसूरडाळीचं पीठ, आंबेहळद आणि सायीनं पोरं न्हाऊन निघाली, एकालाही कधी क्रीम लागलं नाही. रोज तेल जिरवायचं, मग उटणं, मग गरम पाणी, आणि वर ओवा आणि लसणीच्या सालींची धुरी. गुटी चालू केलीय का? सहाणेवर वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, हिरडा, बदाम, खारीक एकेक वेढा उगाळून द्या. लक्ष्मीपुरीत काष्ठौषधीच्या दुकानात सगळं सुटं मिळतं, तयार पुडी घेऊ नका.

शाहूपुरीतली_आई
गुटीचं मी विचारलंच नाहीये हो. क्रीमचं विचारलंय. घातलंय ते असं: कुंडीतल्या कोरफडीचा गर मिक्सरमधून काढून, लाकडी घाण्याचं खोबरेल, मधमाशीचं मेण, थोडं गुलाबपाणी आणि टिकावं म्हणून व्हिटॅमिन ई च्या कॅप्सूल फोडून. सगळं शुद्ध आहे, भेसळ कशातच नाही, तरी का खराब होतंय?

साबणवाली_राजारामपुरी
हां, आता कळलं. मी घरी साबण आणि बाम करून विकते त्यामुळे यात बरीच वर्षं आहे, सविस्तर सांगते.

कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं, त्यात गुलाबपाणी. जिथं पाणी तिथं बुरशी आणि जंतू वाढणारच, माल कितीही शुद्ध असला तरी. उलट ताजा गर त्यांना जास्त मानवतो. व्हिटॅमिन ई चा इथं काही उपयोग नाही, ते तेल खवट होऊ देत नाही एवढंच, जंतूंना ते अडवत नाही. हा गैरसमज त्या व्हिडिओंनी घरोघरी पोचवलाय आणि मला त्याचा खरंच राग येतो, कारण हे बाळांच्या अंगाला लावलं जातं.

पाणी वर सुटतं त्याचं कारण वेगळं आहे. मेण एकटं तेल आणि पाणी बांधून ठेवू शकत नाही. जुन्या पद्धतीच्या कोल्ड क्रीममध्ये मेणाच्या जोडीला टाकणखार (बोरॅक्स) असायचा म्हणून ते जमायचं, पण टाकणखार बाळाच्या कातडीला अजिबात लावायचा नाही, विशेषतः सोललेल्या जागी, तो अंगात शोषला जातो आणि विषारी आहे.

टिकवायचंच असेल तर खरं प्रिझर्व्हेटिव्ह लागतं, तेही वजन करून आणि पीएच, म्हणजे मिश्रण किती आम्ल आहे ते बघून. उदाहरणार्थ सोडियम बेन्झोएट मिश्रण आम्लाकडे झुकलेलं असेल तरच काम करतं. तुम्हाला केमिकल नको, मग क्रीममधलं पाणीच काढून टाका. फ्रिजमध्ये ठेवून भागत नाही, तिथं वाढ मंदावते, थांबत नाही. आणि काळे ठिपके आलेली डबी आजच फेका, वरवरचं काढून खालचं वापरू नका.

तांब्याची_परात
साबणवाली ताईंचं सगळं पटलं पण यावर आपल्याकडे उत्तर आधीपासून आहे, शतधौत घृत. गाईचं तूप तांब्याच्या परातीत घ्यायचं, पाणी घालून तळहातानं घोटायचं, पाणी ओतून द्यायचं, परत नवीन, असं शंभर वेळा. पांढरंशुभ्र लोण्यासारखं होतं आणि तुपाचा वास जवळजवळ राहत नाही. भाजल्यावर, खाज आल्यावर लावतात. मी स्वतः करतो, हात दुखतात पण गंगावेशीत म्हशीचं दूध प्यायला जाणाऱ्या माणसाला एवढं जमायला पाहिजे.

साबणवाली_राजारामपुरी
दादा, शंभर वेळा धुतल्यावर त्यात पाणी अडकून राहतंच ना? मग माझा मुद्दा तिथंही लागू होतो. मोठ्या माणसाच्या टाचेला लावा, माझं काही म्हणणं नाही. पण मांड्यांच्या घडीत, दमट जागी, तेही पावसाळ्यात, पाणी धरलेलं तूप मी लावणार नाही.

तांब्याची_परात
हजारो वर्षं लोक लावत आले ते काय वेडे होते काय. ग्रंथात सांगितलंय ते चाचणी केल्याशिवाय नाही सांगितलं.

साबणवाली_राजारामपुरी
वेडे कुणीच नव्हते. पण ते लागेल तेवढं ताजं करून वापरत असतील, प्लास्टिकच्या डबीत भरून पावसाळाभर नाही. मी फक्त टिकण्याबद्दल बोलतेय.

कागलचा_भाऊ
ओ ताई लई सोपं हाय. कापूर घाला थोडा. कापरानं किडा मुंगी बुरशी काय बी येत नाय. आमच्या घरात खोबरेल तेलात कापूर घालूनच पोराच्या छातीला लावत्यात, सर्दी गायब. आणि लाल झालं असंल तर खायचा सोडा पाण्यात घालून धुवा, आग थांबत्या.

वॉर्डातली_सिस्टर
कापूर नको!! दोन्ही नको. मी लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केलीय म्हणून कळकळीनं लिहितेय. कापूर कातडीतून आणि श्वासातून बाळाच्या अंगात जातो आणि झटके येऊ शकतात. तेलात घालून छातीला नाही, पुरचुंडी करून उशाशी नाही, काहीच नाही. खायचा सोडासुद्धा सोललेल्या कातडीतून शोषला जातो आणि रक्तातला समतोल बिघडतो. आणि वर कुणीतरी धुरी लिहिलीय, तान्ह्या बाळाच्या फुप्फुसाला धूर म्हणजे धूर, ओव्याचा असो नाहीतर चुलीचा.

शाहूपुरीच्या ताई, तुम्ही दोन गोष्टी सांगितल्याच नाहीत. बाळ किती महिन्यांचं आहे, आणि क्रीम लावताय कुठं? पहिल्या पोस्टमध्ये "अजून लाल झालं" म्हणालात, काय लाल झालंय?

कागलचा_भाऊ
सिस्टर, आमच्या पोराला काय झालं नाय की. पण ऱ्हाऊदे, तुमी बघितल्यालं असंल म्हणून सांगताय. आईला सांगतो तेल बदलायला.

शाहूपुरीतली_आई
साडेचार महिन्यांचा आहे. अहो लंगोटाच्या जागीच लावतेय, दुसरीकडं कुठं लावणार. रॅश आलीय. आधी डायपरनं आली असं वाटलं म्हणून कापडी लंगोट सुरू केले, मग बाजारातली मलमं, मग हे. पण मला क्रीमच्या टिकण्याबद्दल उत्तर हवंय, रॅशचं मी बघतेय.

रंकाळ्यावरचा_वारा
कापडी लंगोट या पावसात वाळवताय कसे ते आधी सांगा. आमच्याकडे चार दिवस झाले काही वाळत नाही, सगळ्या घरात दोऱ्या. दमट लंगोट बांधला की लाल होणारच. इस्त्री फिरवून मगच घाला. आणि धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्यानं कापड पाणी शोषत नाही. बाय द वे राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी आज किती फूट आहे कुणाला माहितीय का? बहीण आंबेवाडीत आहे.

तांब्याची_परात
बंधाऱ्याचं सकाळी बघितलं तेव्हा इशारा पातळीच्या खाली होतं. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. पण पन्हाळ्याकडं पाऊस चालूय, बहिणीला सांगा जनावरं आधी हलवायला, २०१९ च्या महापुरात लोक शेवटपर्यंत थांबले आणि मग जनावरं काढायला वेळ मिळाला नाही.

वॉर्डातली_सिस्टर
परत विषयावर येते. ताई, रॅशचं तुम्ही बघताय हे खरं आहे पण क्रीम टिकत नाही आणि रॅश जात नाही हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं समजू नका. एवढं सांगा:
लाली नुसती लंगोट घासतो तिथं आहे की जांघेच्या घडीच्या आतसुद्धा? मोठ्या लाल चट्ट्याच्या कडेनं सुटे बारीक लाल ठिपके आहेत का? बाळाला मधल्या काळात कसलं अँटिबायोटिक झालंय का? आणि तोंड उघडून बघा, जिभेवर, गालाच्या आत दह्यासारखे पांढरे डाग आहेत का, जे पुसले तरी जात नाहीत?

बटवा_आणि_सहाण
जिभेवर पांढरं असेल तर टाकणखाराची लाही करून मधातून बोटानं फिरवायची, दोन दिवसांत जीभ साफ. हा आमच्या आईचा खात्रीचा उपाय आहे.

वॉर्डातली_सिस्टर
मावशी, हात जोडून सांगते, हे नका सुचवू. टाकणखार विषारी आहे हे वर साबणवाली ताईंनी लिहिलंयच, तो थेट तोंडात घालायचा? आणि एक वर्षाच्या आत मध बोटाला लावूनसुद्धा द्यायचा नाही. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि बाळ लुळं पडतं. मध घरच्या पोळ्याचा असला तरी तेच. गुटीचंही सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको, सहाणेवरून जंतू जातात ते वेगळंच.

बटवा_आणि_सहाण
आम्ही काय वाईटासाठी सांगतो का. मालिश तरी चालेल ना आता?

वॉर्डातली_सिस्टर
वाईटासाठी नाही हो मावशी, ते कळतं. मालिश जरूर करा, बाळालाही आवडतं आणि आईलाही बरं वाटतं. फक्त कातडी फुटलेली असेल तिथं नको, आणि शेंगदाण्याचं तेल फुटलेल्या कातडीवर नकोच, पुढं शेंगदाण्याची ॲलर्जी होण्याची भीती असते.

शाहूपुरीतली_आई
सिस्टर, आत्ता टॉर्च लावून बघितलं. घडीच्या आतच जास्त आहे, लालभडक, आणि कडेला बारीक ठिपके आहेत, मला ते घामोळं वाटत होतं. जिभेवर पांढरं आहे, सासूबाई म्हणाल्या दुधाचं असतं, पण ओल्या फडक्यानं पुसलं तरी गेलं नाही. आणि हो, मागच्या महिन्यात खोकल्याला अँटिबायोटिक झालं होतं, त्याचा याच्याशी काय संबंध?

वॉर्डातली_सिस्टर
अँटिबायोटिकनं चांगले जंतूही मरतात आणि कँडिडा नावाची बुरशी वाढायला जागा मिळते. तुम्ही लिहिताय ते तसंच वाटतंय, पण बघितल्याशिवाय नक्की कुणी सांगू शकत नाही. असं असेल तर कुठलंही क्रीम, घरचं असो की दुकानचं, वरून लावून ते जाणार नाही, बुरशीचं औषध लागतं. तोंडातलं आणि खालचं दोन्ही दाखवा, आणि तुमच्या स्तनाग्रांना आग होत असेल तर तेही सांगा, दोघांना एकदम औषध लागतं नाहीतर एकमेकांकडून परत येत राहतं. उद्याच जा. त्या डबीतलं बुरशी आलेलं क्रीम मात्र आजपासून बंद.

रंकाळ्यावरचा_वारा
अजून एक, बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवत असाल तर काढा. आमच्या ओळखीत एका बाळाला त्यावरून कावीळ वाढली होती, जी-६-पीडी म्हणून काहीतरी कमी असतं काही मुलांत.

वॉर्डातली_सिस्टर
बरोबर, ते रक्तातलं एक एन्झाइम असतं. ते कमी असलेल्या मुलांच्या रक्तातल्या लाल पेशी डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनच्या वासानंही फुटतात. कपाटात सगळ्यांच्याच असतात त्या, म्हणून चांगलं सांगितलंत.

शाहूपुरीतली_आई
जाऊन आले. बुरशीच आहे म्हणाले, तोंडाचीसुद्धा. तोंडात घालायचे थेंब आणि खाली लावायचं मलम दिलंय, मलाही लावायला दिलंय. लंगोट न बांधता जमेल तेवढा वेळ उघडं ठेवा, वाइप्स बंद, नुसत्या साध्या पाण्यानं धुवून टिपून कोरडं करा म्हणाले. कोरफडीचं विचारलं, तर घरच्या पानातला पिवळा चीक गरात उतरला असेल तर त्यानंही आग होते म्हणाले. लाली कमी व्हायला लागलीय, रात्री झोपला नीट. सिस्टर, तुम्ही खोदून विचारलं नसतंत तर मी अजून मेणच वितळवत बसले असते.

पण साबणवाली ताई, हातापायांची कातडी कोरडी आहे, तिथं लावायला बिनपाण्याचं कसं करायचं ते सांगा, मेण उरलंय पुष्कळ.

साबणवाली_राजारामपुरी
बरं झालं दाखवलंत. बाम सोपा आहे. वजनानं एक भाग मेण, पाच भाग खोबरेल. वाटीत घालून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवायची, थेट गॅसवर नाही. मेण साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं त्यामुळे उकळी आणायची गरजच नाही. डबी काचेची, आधी उकळून उन्हात नाहीतर ओव्हनमध्ये खडखडीत वाळवलेली, एक थेंब पाणी राहता कामा नये. काढताना ओलं बोट घालायचं नाही, कोरडा चमचा. वास वगैरेसाठी निलगिरी, पुदिना, कसलंही सुगंधी तेल घालू नका. पहिल्यांदा दंडाच्या आत थोडं लावून एक दिवस थांबा. खालची जागा पूर्ण बरी होईपर्यंत तिथं मात्र डॉक्टरांचंच मलम. थंडीत खोबरेल २४ अंशाखाली गोठतं, बाम दगडासारखा होईल, तेव्हा मेण कमी करा.

कागलचा_भाऊ
ताई ह्ये माझ्या आईच्या टाचांच्या भेगांना चालंल का? शेतात चिखलात उभी असत्या दिवसभर.

साबणवाली_राजारामपुरी
चालेल की. त्यांच्यासाठी मेण थोडं जास्त, एकाला चार. रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून लावायचा आणि वर सुती मोजे. बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर मात्र तिथं हे नाही लावायचं, तीही बुरशीच असते, तिला औषध लागतं.