'रिप्रेझेन्टेशन'ला प्रतिनिधित्व म्हणायचं की चित्रण?

एक अडलंय. टीव्हीवरच्या प्रँक शोवर बेतलेल्या हॉरर पिक्चरबद्दल लिहितेय, म्हणजे छुपे कॅमेरे लावून लोकांना घाबरवणारी टीम असते आणि एक दिवस तेच सगळं खरं होऊन त्यांच्याच अंगावर येतं. तर मी लिहिलं की "यात वैविध्यता आहे पण प्रतिनिधित्व नाही" आणि मैत्रीण म्हणाली हे काय निवडणुकीबद्दल आहे का. दुसरा शब्द आहे का?

*

आधी सोपं ते. वैविध्यता नको, एकतर वैविध्य लिहा नाहीतर विविधता. वैविध्य हेच भाववाचक नाम आहे, त्याला परत 'ता' लागत नाही, 'सौंदर्यता' चुकतं तसंच हे.

प्रतिनिधित्व चूक नाही पण त्यात अर्धाच अर्थ येतो. प्रतिनिधी म्हणजे मुळात दुसऱ्याच्या जागी असलेला. आयुर्वेदात एखादं औषधी द्रव्य मिळालं नाही तर त्याच्याऐवजी जे वापरतात त्याला प्रतिनिधी द्रव्य म्हणतात, आणि राजाराम महाराजांनी जिंजीला असताना प्रल्हाद निराजींना 'प्रतिनिधी' हे पद दिलं तेही राजाच्या जागी म्हणूनच. इंग्रजी शब्दात दोन गोष्टी एकत्र बसल्यात, आमच्यातलं कोणी तिथे आहे का आणि आम्हाला कसं दाखवलंय. आपल्याकडे पहिल्याला प्रतिनिधित्व आहे, दुसऱ्याला चित्रण. मला तर आपली ही सोय जास्त आवडते, कुठली तक्रार आहे ते लगेच कळतं.

*

वरच्याशी सहमत, पण या विषयात खरा शब्द 'बकरा' आहे असं मला वाटतं.

प्रँकला आपण खोडी म्हणतो, पण खोडीत समोरचाही उद्या तुमची खोडी काढू शकतो, शोमध्ये तसं नसतं. अमेरिकेत अ‍ॅलन फंट यांचा 'कँडिड कॅमेरा' १९४८ मध्ये टीव्हीवर आला, त्याआधी १९४७ मध्ये रेडिओवर 'कँडिड मायक्रोफोन' होता, तेव्हापासून रचना तीच, एकाला सगळं माहीत, दुसऱ्याला काहीच नाही, आणि शेवटी दुसऱ्याने हसून घ्यायचं. तो दुसरा म्हणजे बकरा. हॉरर सुरू झाला की त्याच बकऱ्याचा बळीचा बकरा होतो, एकाच शब्दात अख्खी गोष्ट आहे बघा! मग पडद्यावर किती तऱ्हेची माणसं आहेत हे मोजून भागत नाही, बकरा कोणाला केलंय, प्लॅन कोणाला माहीत होता आणि कॅमेऱ्यामागे कोण बसलंय हे बघावं लागतं. सगळे वेगळे दिसणारे लोक फक्त घाबरायलाच ठेवले असतील तर वैविध्य आहेच की, पण चित्रण वाईट आहे.

*

टोकनिझमलाही, म्हणजे फक्त दाखवण्यापुरतं एखादं वेगळं पात्र घेण्यालाही, शब्द हवा इथे. मी 'तोंडी लावण्यापुरतं पात्र' म्हणते. 'नावापुरतं' पण चालेल, पण तोंडी लावण्यात मुख्य जेवण दुसऱ्याचंच आहे हे आपोआप येतं.

आणि आकडा लहान असून चित्रण दमदार असू शकतं हेही लिहा. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या उठून चालणाऱ्या प्रेतांच्या पिक्चरमध्ये नायक ड्वेन जोन्स हा कृष्णवर्णीय नट, घरात अडकलेल्या बाकी सगळ्यांचे चेहरे गोरे. मोजायला गेलं तर वैविध्य जेमतेम. पण डोकं शांत ठेवून निर्णय घेणारा तोच, रात्रभर टिकणाराही तोच, आणि सकाळी मदतीला आलेली माणसं त्यालाही तसलंच चालतं प्रेत समजून गोळी घालतात. मला तो शेवट अजून छळतो.

*

मूळ प्रश्न विचारणारी मीच. खूप आभार, मनापासून. प्रतिनिधित्व मी टीमबद्दलच्या परिच्छेदात ठेवतेय, कारण लेखनात आणि कॅमेऱ्यामागे कोण होतं तो मुद्दा खरंच जागेचा आहे. पडद्यावरच्या पात्रांना चित्रण. आणि ते वाक्य आता असं केलंय, "या पिक्चरमध्ये वैविध्य आहे, पण बकरे ठरलेले आहेत."

*

हे आवडलं. फक्त "बकरे आधीच ठरलेले आहेत" करा, 'आधीच' हवंच तिथे.