मदत हवी आहे: फोन कंपनीची की लीक झाली असेल तर फॉरमॅट मारून भागेल का?

कोकणकडा७
तातडीने मदत हवी आहे. फोनच्या फर्मवेअरची (आतल्या मूळ सॉफ्टवेअरची) एन्क्रिप्शन की, म्हणजे गुप्त डिजिटल किल्ली, लीक झाल्याचा व्हिडिओ पाहिला. ती की हाती लागली की कुणीही कंपनीच्या नावाने सॉफ्टवेअर घुसवू शकतो आणि फोनला पत्ताही लागत नाही, असं त्यात म्हटलंय. आईच्या फोनवर बँकेचं ॲप आहे, पेन्शन त्याच खात्यात येते. गेल्या आठवड्यापासून फोन विचित्र वागतोय. फॉरमॅट मारला तर लीक झालेली की निघून जाईल का? हो की नाही एवढंच सांगा.

निवांत_नाशिक
फोन कुठला? मॉडेल? सिक्युरिटी पॅच (सुरक्षेचा अपडेट) कधीचा? आणि विचित्र म्हणजे नेमकं काय, गरम होतो, बॅटरी उतरते, की मेसेज आपोआप जातात?

सफरचंदवाला
आईला आयफोन घेऊन द्या. ॲपलच्या की लीक होत नाहीत. माझ्या घरी सगळ्यांकडे तेच आहेत, कधी त्रास नाही.

कोकणकडा७
सॅमसंग, ए सिरीज. पॅच सप्टेंबर २०२३ चा दिसतोय. विचित्र म्हणजे ओटीपी उशिरा येतात, कधी येतच नाहीत. पण माझा प्रश्न कीबद्दल आहे.

बूटलूप
@सफरचंदवाला, हे खरं नाही. २०१७ मध्ये आयफोन ५एसच्या सिक्युअर एन्क्लेव्हच्या (बोटांच्या ठशांसारखी माहिती सांभाळणाऱ्या वेगळ्या भागाच्या) फर्मवेअरची की झेरब या टोपणनावाच्या हॅकरने जाहीर केली होती.

@कोकणकडा७, हो-नाहीमध्ये उत्तर देतो आणि का तेही सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. उत्तर: नाही.

फोनमध्ये एकच की नसते. फर्मवेअर उघडून वाचायची की वेगळी, त्यावर कंपनीची डिजिटल सही करायची वेगळी. ५एसची होती ती वाचायची. तिच्यामुळे कुणाच्या बोटांचे ठसे बाहेर आले नाहीत. आतला कोड वाचता आला, म्हणजे त्यातल्या चुका शोधायची वाट मोकळी झाली. सहीची की फुटणं मात्र कंपनीचा शिक्काच चोरीला जाण्यासारखं आहे.

तुमच्या व्हिडिओत बहुतेक २०२२ चं प्रकरण असणार. त्या वर्षाच्या अखेरीस गूगलने उघड केलं की सॅमसंग, एलजी, मीडियाटेक वगैरेंच्या प्लॅटफॉर्म सर्टिफिकेटने सही केलेलं मालवेअर सापडलंय. अँड्रॉइडच्या मूळ सिस्टिम ॲपवर याच सर्टिफिकेटची सही असते. तीच सही घेऊन आलेल्या दुसऱ्या ॲपने सिस्टिमचा यूजर आयडी मागितला, तर फोन त्याला सिस्टिमचे अधिकार देऊन टाकतो. एसएमएस वाचू का, कॉल करू का, असं काही विचारतसुद्धा नाही.

लीक झालेली की तुमच्या फोनमध्ये बसलेली नाही, ती चोराकडे आहे. फोनमध्ये आहे तो त्या सहीवरचा भरवसा, आणि तो सिस्टिम पार्टिशनमध्ये. फॉरमॅट तिथवर पोचत नाही. तो भरवसा कंपनीनेच अपडेटमधून बदलायचा असतो. सॅमसंगने तेव्हा सांगितलं होतं की २०१६ पासून आपण यासाठी पॅच देत आलोय आणि त्यातून कुठला गैरप्रकार झाल्याचं माहीत नाही.

पण असं ॲप आपोआप येत नाही, कुणीतरी ते बसवावं लागतं. प्ले स्टोअरवर हे मालवेअर आढळलं नाही, असंही गूगलने सांगितलं होतं. म्हणून विचारतो: बाहेरून कुठली एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, टाकली होती का?

रॉमपंढरी
कंपनीच्या सहीवर विसंबायचंच कशाला? बूटलोडर (फोन सुरू होताना सिस्टिम चढवणारा प्रोग्राम) अनलॉक करा आणि लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरची मोफत सिस्टिम टाका. मी वर्षानुवर्षं हेच वापरतो. पॅच दर महिन्याला येतात, कंपनीच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

बूटलूप
पेन्शनवाल्या बाईंच्या फोनवर अनलॉक केलेला बूटलोडर? फोन चोरीला गेला तर तो हातात असणारा हवी ती सिस्टिम चढवेल. बरीच बँक ॲप्स तर उघडणारच नाहीत. शिवाय टेलिग्रामवरून उचललेल्या कित्येक रॉमवर (इतरांनी बनवलेल्या अशा सिस्टिमवर) एओएसपीच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सच्या, चाचणीच्या कीची सही असते. ती की सोर्सबरोबरच जगजाहीर आहे. तिथे लीक व्हायची गरजच नाही.

रॉमपंढरी
मी अधिकृत लिनिएजबद्दल बोलतोय, त्यावर त्यांची स्वतःची खासगी सही असते. आणि चाचणीच्या कीचा पाढा फक्त रॉमवाल्यांपुढे का? मेटाच्या रेड टीम एक्स या सुरक्षा तपासणाऱ्या गटाने जानेवारी २०२४ मध्ये दाखवून दिलं की नावाजलेल्या काही कंपन्यांनीही आपल्या फोनमधल्या एपेक्स मॉड्यूलवर (सिस्टिमच्या स्वतंत्रपणे अपडेट होणाऱ्या भागांवर) हीच जाहीर की वापरली होती. डिसेंबर २०२३ च्या पॅचमध्ये ते निस्तरलं.

बूटलूप
ते मान्य. म्हणूनच पॅच महत्त्वाचा, आणि यांचा सप्टेंबर २०२३ ला थांबलाय.

कोकणकडा७
रॉमबद्दल कुणी विचारलंय का इथे? एपीके एक आली होती. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, वाहतुकीचं चलन भरा म्हणून. आमच्याकडे गाडी आहे, आईने उघडून बघितली. काही दिसलं नाही, आयकॉनही गायब झाला. त्याचा कीशी काय संबंध?

मीराताई_ठाणे
हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना दादा! कीचा संबंध नाही, संबंध याचाच आहे. चलनाच्या नावाने फिरणाऱ्या या फायलींना कुणाची की चोरायची गरज पडत नाही. एसएमएसची परवानगी मागतात, आपण देतो, की ओटीपी परस्पर दुसरीकडे जातो. आत्ताच्या आत्ता आईच्या फोनचं वायफाय आणि डेटा बंद करा, सिम काढा. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन लावून नेटबँकिंग आणि कार्ड थांबवायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

बूटलूप
ताईंचं बरोबर. पण फॉरमॅटच्या आधी ती एपीके कंप्युटरवर घेऊन व्हायरसटोटल या फाइल तपासणाऱ्या साइटवर टाका. सहीचं सर्टिफिकेट कुणाचं आहे ते तिथे दिसतं. सॅमसंगचं निघालं तर गोष्ट गंभीर आहे, आणि इतरांनाही कळायला हवं.

मीराताई_ठाणे
संशोधन नंतर करा हो. त्या फाइलसाठी फोन परत नेटला जोडला तर आतलं ॲप पुन्हा बोलायला लागेल. आधी बँक.

निवांत_नाशिक
दोन्ही जमतं. ग्रुपवरचा तो मेसेज आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट दुसऱ्या कुणाच्या फोनवरून घ्या, तक्रारीला लागतो. फाइल त्याच ग्रुपमधून कंप्युटरवर उतरवता येते, आईचा फोन लागतच नाही. फक्त तिथे ती चालवू नका.

गंधर्व_सांगली
पंधरा हजारांत आईसाठी चांगला फोन कोणता? आवाज मोठा पाहिजे, बाकी काही नको.

निवांत_नाशिक
वेगळा धागा काढा ना. पण घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते आधी बघा, कॅमेरा नंतर.

कोकणकडा७
बँकेशी बोललो. एक व्यवहार दिसतोय जो आईने केलेला नाही. खातं थांबवलंय, १९३० ला तक्रार नोंदवली. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम सर्व्हिस' नावाचं ॲप सापडलं, डिव्हाइस ॲडमिनमध्ये (ॲपला जादा अधिकार देणाऱ्या यादीत) चालू. अनइन्स्टॉलचं बटण दाबलं जात नाही. आता तरी फॉरमॅट मारू का?

बूटलूप
त्या ॲपच्या माहितीच्या पानाचा फोटो काढून ठेवा, मग मारा. साधं ॲप असेल तर फॉरमॅटने नक्की जातं. त्यानंतर आधी जेवढे अपडेट मिळतील तेवढे घ्या, बँकेचं ॲप सगळ्यात शेवटी.

कोकणकडा७
व्हॉट्सॲपचा बॅकअप परत घेतला तर ती फाइल पुन्हा येईल?

मीराताई_ठाणे
आली तरी नुसती फाइल म्हणून पडून राहील, कुणी उघडून बसवेपर्यंत काही करत नाही. तरी तो मेसेज आईच्या फोनवरून काढून टाका आणि ग्रुपच्या ॲडमिनलाही काढायला सांगा. ग्रुपमध्ये आणखी कुणी उघडलीय का तेही आजच विचारा, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना, फोन करूनच.