दावा फेटाळला, तरी सर्च रिपोर्टमध्ये (मिळकतीच्या नोंदलेल्या दस्तांच्या शोधात) लिस पेंडन्सची, म्हणजे दावा प्रलंबित असल्याची नोटीस दिसते

सी-402: आपल्या सोसायटीच्या जमिनीचा दावा फेटाळला ना? मग बँकेच्या सर्चमध्ये नोटीस अजून का येतेय? कोर्ट आपोआप काढत नाही का?

ए-104 (वकील): नाही दादा. ती नोटीस म्हणजे वादीने दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला स्वतंत्र दस्त आहे. निकाल लागला म्हणून तो खोडला जात नाही. नंतरचा दस्त नोंदवावा लागतो, मग पुढच्या सर्चमध्ये दोन्ही दिसतात.

सचिव: निकालाला तीन आठवडे झालेत. उद्याच जाऊ का?

ए-104 (वकील): घाई नको. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 52 ला आपल्याकडे 1939 ची दुरुस्ती आहे, नोटीस नोंदवण्याची पद्धत त्यातूनच आली. दावा फेटाळल्यावर प्रश्न उरतो अपिलाचा. जिल्हा न्यायालयात 30 दिवस, उच्च न्यायालयात 90, आणि नक्कल मिळेपर्यंतचे दिवस वगळून. विलंबमाफीचा अर्ज नंतरही येऊ शकतो, म्हणून मुदत संपल्यावर ई-कोर्टवर दोन्ही पक्षांच्या नावाने शोध घ्या आणि अपील दाखल नसल्याचा दाखला मागा. दावा गैरहजेरीत निकाली निघाला असेल तर तो पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज आहे का तेही बघा.

सचिव: आणि वादी सही द्यायला तयार नसेल तर?

ए-104 (वकील): तयार असेल तर नोटीस रद्द केल्याचा दस्त तोच करून देईल. त्यात मूळ दस्त क्रमांक, वर्ष, दावा क्रमांक आणि मिळकतीचं वर्णन मूळ नोटिशीतलं अक्षरशः तसंच हवं. सर्व्हे नंबरचा हिस्सा चुकला की सर्चमध्ये दोन दस्त जुळत नाहीत, आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तयार नसेल तर हुकूमनाम्याची (डिक्रीची) प्रमाणित प्रत नोंदणीला सादर करा. नोंदणी कायद्याच्या कलम 23 प्रमाणे चार महिने मिळतात, निकाल अपिलायोग्य असेल तर तो अंतिम झाल्यापासून. हुकूमनाम्यात मिळकतीचं परिशिष्ट आहे ना, ते आधी बघा. नसेल तर कोर्टाकडून दुरुस्त करून घ्या.

बी-203: मॅडम, मिळकत पत्रिकेवरही (प्रॉपर्टी कार्डवरही) दाव्याचा शेरा आहे.

ए-104 (वकील): ताई, ते खातं वेगळं. निबंधकाकडचा दस्त झाला म्हणून तो शेरा जात नाही. नगर भूमापन कार्यालयात हुकूमनामा आणि दाखला जोडून वेगळा अर्ज द्यायचा. सातबाऱ्यावर शेरा असता तर तलाठ्याकडे. तिथे नोटीस निघते, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. पोच नक्की घ्या.

डी-101: शेजारच्या प्लॉटचा दावा तडजोडीत मिटला, त्यांनाही हेच लागू का?

ए-104 (वकील): तिथे एक पायरी जास्त. तडजोडीतले पैसे कोर्टाबाहेर दिले असतील तर हुकूमनामा भागल्याची, म्हणजे त्यातली रक्कम चुकती झाल्याची नोंद कोर्टात करून घ्यायलाच हवी. नोंद नसेल तर बजावणी करणारं कोर्ट ती रक्कम धरत नाही आणि वादी 12 वर्षांच्या आत वसुलीसाठी दरखास्त (बजावणीचा अर्ज) लावू शकतो. प्रतिवादीला ही नोंद करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो, म्हणून त्यांना आजच कळवा.

सचिव: नकलेचा अर्ज सकाळीच देतो. दाखला आला की इथे टाकतो.